अंध अंगमर्दकांचा हक्क

मालिश म्हटले की आपल्याकडे तेलाची बाटली आणि पहिलवानांचा आखाडा डोळ्यांपुढे येतो. जपानात कित्येक पिढ्या या धंद्याचे चित्र निराळे होते. हातात काठी, ओठांत बारीक शिट्टी आणि रात्रीच्या गल्लीतून चाललेला एक आंधळा माणूस! शिट्टी ऐकून दमलेले गिऱ्हाईक त्याला घरात बोलावी. तेल नाही, तुंबडी नाही. कपड्यांवरूनच अंग रगडून तो शीण घालवी. या विद्येस जपानी लोक ‘आन्मा’ म्हणतात.

विद्या मूळची चीनची. तेथे तांग राजवटीच्या वैद्यकीय खात्यात अंगमर्दनाचा स्वतंत्र विभाग होता. जपानने तो कित्ता गिरवला आणि इ. स. ७०१ च्या ताइहो संहितेनुसार दरबारी वैद्यकात अंगमर्दनाचे अध्यापक नेमण्याची तरतूद झाली. मग दरबारातली ही विद्या आंधळ्यांच्या हाती कशी आली? ती आली संघटनेच्या मार्गाने, म्हणूनच आम्हांस या इतिहासाची ओढ लागली.

आंधळ्या पुरुषांचा ‘तोदोझा’ नावाचा संघ मध्ययुगापासून होता. बिवा नावाच्या तंतुवाद्यावर वीरकथा गाणाऱ्यांनी तो उभारला. पुढे तोकुगावा शोगुनांच्या अमलात गाण्यापेक्षा आन्मा आणि सुया टोचण्याचा उपचार हेच सभासदांचे मुख्य पोट झाले. याच काळात सुगियामा वाइची (१६१०–१६९४) या अंध वैद्याने बारीक नळीतून सुई टोचण्याची रीत रूढ केली. नळीमुळे सुई नेमक्या जागी बसते, डोळ्यांची गरज उरत नाही. आज डोळस वैद्यही तीच नळी वापरतात! शोगुन त्सुनायोशीचा आश्रय मिळवून सुगियामाने एदो शहरात अंधांना ही विद्या शिकवण्याची शाळाही चालवली.

परंतु संघाची दुसरी बाजू झाकून ठेवणे आमच्या धर्मात बसत नाही. संघात पायऱ्या होत्या आणि वरची पायरी पैसे भरून मिळे. तळाच्या माणसाने रात्रभर हिंडून मिळवलेल्या पैशाचा वाटा वरच्यांच्या पदरात पडे. काही बडे सभासद सावकारीत गबर झाले. बायकांना तर संघात प्रवेशच नव्हता.

१८७१ साली मेइजी सरकारने तोदोझा मोडून टाकला. उतरंड गेली हे ठीकच. पण तिच्याबरोबर गरीब आंधळ्याचे संरक्षणही गेले आणि त्याच्या जागी काही आले नाही. डोळस माणसे धंद्यात उतरू लागली. १९४७ मध्ये त्याहून मोठे संकट आले. युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या दोस्तराष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना हे उपचार अशास्त्रीय आणि अस्वच्छ वाटले. ते बंद करावेत असे त्यांनी सुचवले. तेव्हा अंध व्यावसायिक, अंधशाळांतले शिक्षक आणि विद्यार्थी निषेधास उभे राहिले. हरलेल्या, उपाशी देशातली ही माणसे! त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला आणि परवानापद्धतीने धंदा वाचला.

पुढे ‘शिआत्सु’, म्हणजे बोटांनी दाब देण्याचा उपचार, लोकप्रिय झाला. नामिकोशी तोकुजिरो यांनी १९४० साली त्याची शाळा काढली होती. डोळसांची गर्दी वाढली, तेव्हा १९६४ साली कायद्यात १९ वे कलम आले: अंधांची उपजीविका फार कठीण होत असेल तर डोळसांसाठी या धंद्याची नवी शाळा काढण्यास सरकार परवानगी नाकारू शकते. हे कलम व्यवसायस्वातंत्र्याच्या आड येते, अशी तक्रार एका शिक्षणसंस्थेने नेली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला.

धंदा सर्वांस खुला असावा, हे तत्त्व ऐकायला गोड आहे. पण ज्याला शंभर दारे उघडी आहेत आणि ज्याला एकच उघडे आहे, त्या दोघांना एकाच दारात ढकलाढकली करायला लावणे ही समता नव्हे. तोदोझाने ते दार राखले, पण आत उतरंड मांडली. १८७१ ने उतरंड मोडली, पण दारही सताड टाकले. उतरंडीवाचून दार राखायचे कसे, हे शिकायला जपानला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. आमच्या संघटनांनी हा धडा त्याहून लवकर शिकावा.