वर्गाचे भविष्य

दिवाळी अंक हातात पडला की आपण आधी कोणते पान उघडतो? कबूल करायला जरा लाज वाटते, पण बहुतेकांच्या घरी उत्तर एकच असते. कथा राहतात बाजूला, कविता राहतात बाजूला, आणि फराळाचे बोट तसेच राशिभविष्याच्या पानावर फिरते. 'मेष : धनलाभ संभवतो.' झाले! चकलीचा तुकडा तोंडात टाकून माणूस खुशीत येतो.

मीही आज भविष्याबद्दलच लिहिणार आहे. पण ते पुढचे नव्हे, होऊन गेलेले. म्हणजे कोणे एके काळी कोणीतरी सांगितलेले, आणि काळाने तपासून गुण देऊन परत केलेले. मी मास्तर आहे. तपासलेल्या वह्या पाहण्यात मला भारी गोडी.

अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत एक मजेदार चाल होती. शेवटच्या वर्षाची मुले शाळा सोडून निघाली की निरोपाच्या समारंभात वर्गाचा इतिहास वाचला जाई, वर्गाची कविता म्हटली जाई, वर्गाचे मृत्युपत्रही होई. 'माझी झोप मी खालच्या वर्गातल्या अमक्याला देऊन जातो', हा त्या मृत्युपत्राचा मासला. आणि या सगळ्यांत लोकप्रिय असे ते वर्गाचे भविष्य. ते सांगणारा मुलगा किंवा मुलगी कल्पनेने वीस-पंचवीस वर्षे पुढे जाई. कधी विमानातून गावोगाव हिंडे, कधी काचेच्या गोळ्यात डोकावे, आणि एकेका सोबत्याचे पुढे काय झाले ते सांगत जाई. वर्गातली लाजाळू मुलगी सर्कशीत सिंह खेळवते आहे, उनाड मुलगा पाद्री झाला आहे. लोक पोट धरून हसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची कितीतरी वर्षे अशी भविष्ये शाळांच्या वार्षिकांत छापून येत. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनातले 'फिशपाँड' आठवा, म्हणजे त्या हसण्याची जात लगेच ध्यानात येईल.

अशा असंख्य भविष्यांतले एक फार गाजले. ते पाहू.

कॅन्सस राज्यात अ‍ॅबिलीन नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या हायस्कुलाच्या १९०९ सालच्या वार्षिकाचे नाव होते 'हेलिअँथस', म्हणजे आपले सूर्यफूल. कॅन्ससचे ते राज्यपुष्प. त्या वर्षी एकाच घरातले दोन भाऊ एकाच वर्गातून बाहेर पडत होते. थोरला एडगर, आणि त्याच्याहून पावणेदोन वर्षांनी धाकटा ड्वाइट. आडनाव आयझेनहॉवर. बाप लोण्याच्या कारखान्यात यंत्रे सांभाळणारा, घरात सहा मुलगे, आणि पैशाची कायमची ओढाताण.

वर्गातल्या एका मुलीने भविष्य लिहिले. त्यात तिने सांगितले की एडगर अमेरिकेचा अध्यक्ष होईल, तोही एकदा नव्हे, दोनदा! आणि ड्वाइट? तो येल विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक होईल.

आता मौज पहा. १९५२ साली आयझेनहॉवर खरोखरच अध्यक्ष म्हणून निवडून आला. १९५६ साली पुन्हा आला. दोन्ही मुदती पुऱ्या करून १९६१ साली पायउतार झाला. आडनाव बरोबर, पद बरोबर, मुदती बरोबर. चुकला तो फक्त भाऊ! एडगर त्या वेळी वॉशिंग्टन राज्यात टकोमा गावी वकिली करीत होता. ज्योतिषाने कुंडली बिनचूक मांडावी आणि पाळण्यातले मूलच बदललेले निघावे, तशातला हा प्रकार.

प्राध्यापकीचे भाकीतही अगदीच वाया गेले नाही. १९४८ साली सेनापती ड्वाइट आयझेनहॉवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे प्रमुख झाले. येल नव्हे, आणि इतिहासाचे प्राध्यापकही नव्हेत, पण विद्यापीठाची पायरी ते चढले खरे. त्यांच्या पाठचा मिल्टन तर एकामागून एक तीन विद्यापीठांचा प्रमुख झाला. १९०९ साली तो नऊ-दहा वर्षांचा पोर होता, त्यामुळे त्याचे भविष्य कोणी लिहिलेच नाही. एकूण त्या मुलीच्या झोळीत फळे सगळी होती, फक्त वाटताना पोरांची अदलाबदल झाली.

पण तिला हसण्यापूर्वी तिने असे का लिहिले ते पाहिले पाहिजे. एडगर अंगाने दांडगा, फुटबॉलच्या मैदानावर चमकणारा. गावात दोघांनाही 'आइक' म्हणत. तो मोठा आइक, ड्वाइट धाकटा आइक. मोठ्या आइकला मोठे पद, हा साधा हिशेब. आणि ड्वाइटला इतिहासाचे वेड इतके, की घरची कामे आणि अभ्यास सोडून तो हॅनिबलच्या लढायांत गढून बसे. शेवटी आईने त्याची इतिहासाची पुस्तके कपाटात कुलूपबंद केली. पठ्ठ्याने किल्ली शोधून काढली! आई बाहेर गेली की कपाट उघडायचे, आणि ती यायच्या आत पुन्हा बंद. अशा मुलाला इतिहासाचा प्राध्यापक करणाऱ्या मुलीचे काय चुकले? तिने जे दिसले तेच लिहिले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्गातल्या मुलाला अध्यक्षपदावर बसवणाऱ्या या मुलीला स्वतःला अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता आले नसते. कॅन्ससच्या बायकांना तो हक्क १९१२ साली मिळाला. जो दरवाजा तिला बंद होता, त्याच्या आत कोण बसणार हे तिने हसत हसत सांगून टाकले.

जे दिसले नाही, ते मात्र केवढे होते! हायस्कुलातल्या पहिल्या वर्षी ड्वाइट गुडघ्यावर पडला. खरचटल्याचे निमित्त झाले आणि पायात विष भिनले. पाय कापण्याची भाषा सुरू झाली. त्याने एडगरला जवळ बोलावून वचन घेतले, की मी शुद्धीवर नसलो तरी कोणाला पाय कापू देऊ नकोस. त्या घरात सांगत आलेली हकीकत अशी, की एडगर त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा झोपून राहिला. पाय वाचला. ड्वाइटचे वर्ष बुडाले, पण पुढे लष्करी अकादमीत उभे राहायला दोन पाय उरले. ज्याच्या नशिबी अध्यक्षपद लिहिले होते, त्याने ते असे नकळत भावाच्या पायाशी नेऊन ठेवले.

ड्वाइटनेही ऋण ठेवले नाही. शाळा सुटल्यावर दोघांत करार झाला, की एकाने एक वर्ष शिकायचे, दुसऱ्याने कमवायचे, मग पाळी बदलायची. पहिली पाळी एडगरची. तो मिशिगनला कायदा शिकायला गेला आणि ड्वाइट लोण्याच्या कारखान्यात कामाला लागला. वर्ष संपले. एडगरने विचारले, आणखी एक वर्ष दिलेस तर? ड्वाइटने दिले. त्याची स्वतःची पाळी आलीच नाही. फुकट शिक्षण मिळते म्हणून १९११ साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. म्हणजे सेनापती व्हायचे म्हणून नव्हे, तर फी परवडत नव्हती म्हणून!

पुढे ड्वाइट अध्यक्ष झाल्यावर एडगर त्याच्या धोरणांवर सडकून टीका करणारी पत्रे लिहीत असे, आणि अध्यक्षमहाशय त्यांना लांबलचक उत्तरे देत. अध्यक्षाला कान उपटणारा थोरला भाऊ असणे ही देशाच्या दृष्टीने काही वाईट गोष्ट नव्हे.

हेच ड्वाइट स्वतः भविष्यवेत्ते म्हणून कसे होते? वेस्ट पॉइंटच्या १९१५ सालच्या वार्षिकात वर्गमित्र ऑमर ब्रॅडलीवरचा मजकूर त्यांनी लिहिला. हा गडी याच चालीने चालत राहिला, तर 'जनरल ब्रॅडली आमच्या वर्गात होता' अशी बढाई आम्ही नातवंडांपुढे मारू, असा त्याचा भाव. ब्रॅडली पंचतारांकित जनरल झाला! त्या वर्गातले १६४ जण पदवी घेऊन निघाले, त्यांतले ५९ जनरल झाले. मित्राचे भविष्य त्यांनी अचूक सांगितले. आपणही त्याच पंचतारांकित पदाला पोचू, आणि महायुद्धात तोच ब्रॅडली आपल्या हाताखाली लढेल, हे मात्र त्यांना दिसले नसावे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता याहून जुनी एक गोष्ट सांगतो. हिच्यात हसू आहे, पण शेवटी हसवत नाही. मेन राज्यातल्या बोडिन कॉलेजात १८२४ साली दोन मित्रांनी पैज लावली. एक नॅथॅनिएल हॉथॉर्न, जो पुढे अमेरिकेचा थोर कादंबरीकार झाला, आणि दुसरा जोनाथन सिली. पैज अशी, की बारा वर्षांत हॉथॉर्नचे लग्न होते की नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला उंची मदिरा मद्याचे एक पिंप द्यायचे. कागद बंद करून होरेशिओ ब्रिज या तिसऱ्या मित्राजवळ ठेवला. १८३६ साली तो उघडला. हॉथॉर्न अजून ब्रह्मचारी! सिली हरला. पण पिंप काही आले नाही. सिली काँग्रेसवर निवडून गेला आणि १८३८ च्या फेब्रुवारीत एका सभासदाशी झालेल्या द्वंद्वयुद्धात गोळी लागून मेला. हॉथॉर्नचे लग्न १८४२ साली झाले. कोणत्याही वर्गाच्या भविष्यात एक वाक्य कधी नसते, ते म्हणजे 'हा तरुणपणीच जाईल'. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या कल्पनेत सगळे म्हातारे होतात.

कागद सांभाळणाऱ्या त्या ब्रिजचे आणखी एक भविष्य होते. हा हॉथॉर्न कथालेखक होईल, असे त्याने कॉलेजातच सांगून ठेवले होते. हॉथॉर्नने पुढे आपले एक पुस्तक त्याला अर्पण करताना ते कृतज्ञतेने नमूद केले. पण ब्रिज भविष्य सांगून स्वस्थ बसला नाही. १८३७ साली हॉथॉर्नचा पहिला कथासंग्रह निघायचा होता, तेव्हा त्याने लेखकाला कळू न देता प्रकाशकाला नुकसानीची हमी दिली. याला म्हणतात भविष्यवेत्ता! पदरचे पैसे घालून आपले भाकीत खरे करणारा.

इथे मला माझ्या भविष्याची वही उघडावी लागते.

मी दहावी झालो १९९६ साली. जुन्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि चित्रकलेचा मास्तर झालो. कादंबऱ्या लिहितो ते शाळा सुटल्यावर. तर त्या वर्षी आमच्या हस्तलिखितासाठी 'वीस वर्षांनंतर' अशी चित्रमाला मी काढली. एकाला डॉक्टर केले, एकाला नट, एकीला विमान चालवायला बसवले. माझ्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांची एस्टी स्टँडबाहेर वड्यांची गाडी. गणितात तो वर्गात सर्वांच्या पुढे. अपूर्णांक मला सरांनी शिकवले, पण समजावले त्याने. त्याचे चित्र मी काय काढले? तीच गाडी, तीच कढई, आणि हातात झारा. फक्त मिशा लावल्या. वर्ग खो खो हसला. तोही हसला, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी आम्ही जुने वर्गसोबती एकत्र जमलो. नट झालेला कोणी नव्हता, विमान चालवणारी तर नाहीच. तो मात्र स्टँडजवळ आपले छोटेसे हॉटेल चालवतो. मला गल्ल्याशेजारी बसवून त्याने चहा मागवला. मी विनोदाने म्हणालो, "सगळ्यांत माझं एकच भविष्य खरं ठरलं बघ."

तो हिशेबाच्या वहीतून मान वर करून म्हणाला, "ते भविष्य नव्हतंच रे. डॉक्टर, नट, ते भविष्य. माझी तू बाबांची गाडीच काढलीस. जे समोर होतं तेच."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचेना. दहावीनंतर वडील आजारी पडले आणि त्याची शाळा सुटली, हे मला त्या वेळीही ठाऊक होते. ब्रिजसारखी हमी देण्याइतके पैसे माझ्याजवळ कुठले? पण मिशांऐवजी त्याच्या हातात खडू काढायला काही पैसे पडत नव्हते. पेन्सिल तीच, कागद तोच. अ‍ॅबिलीनच्या त्या मुलीने निदान एका कामगाराच्या पोराला देशाच्या अध्यक्षपदावर बसवून पाहिले. भाऊ चुकला असेल, पण हात आखडला नाही. मी मात्र आखडला.

तेव्हापासून मुलांना मी एक सांगतो. भविष्य लिहायचे तर खुशाल लिहा, खूप हसा, सोबत्याला चंद्रावर भजी तळायला पाठवा, पण जे आज दिसते आहे तेच त्याच्या कपाळी मारू नका.

यंदा निरोप समारंभात दहावीच्या मुलांनी भविष्ये वाचली. एक मुलगी अंटार्क्टिकावर लेझीम शिकवणार आहे. वर्गातला सर्वांत झोपाळू मुलगा रात्रीच्या गाडीचा ड्रायव्हर होणार आहे. देव प्रवाशांचे रक्षण करो. शेवटी माझीही चिठ्ठी निघाली : 'सर पुढच्या दिवाळीपर्यंत तीन वर्षे रखडलेली कादंबरी पुरी करतील.'

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, आणि या वेळी कोण खरे हसते आहे ते नीट पाहून घेतले. दिवाळी आली आहे, कादंबरी अजून नवव्या प्रकरणावर आहे. मुलांचे भाकीत खोटे ठरणार, हे दिसतेच आहे. पण त्यांनी हात आखडला नाही, एवढे मात्र मी लिहून ठेवतो.