न मिळालेला वाडा आणि लावलेली बाग

१९३०चा एप्रिल. इंग्लंडच्या केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट नावाची एक पडकी मालमत्ता विकायला निघाली होती. लांबून दिसायचा तो विटांचा उंच मनोरा. जवळ गेलं की मोडक्या भिंती, जुन्या खाटा, नांगराचे फाळ, तारांची भेंडोळी आणि सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यांचे ढीग. राहण्याजोगी एकही खोली नाही. अठराव्या शतकात इथे फ्रेंच युद्धकैदी कोंडले होते, नंतर गावातल्या निराधारांना ठेवलं होतं, पुढे शेतमजूर राहिले.

कवयित्री आणि कादंबरीकार व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही जागा बघायला आली आणि तिथेच अडकली. नवरा हॅरॉल्ड निकल्सन पैशांचा हिशोब करत कचरत होता. मग दोघं फिरता फिरता हेझलच्या जुन्या झाडांच्या रांगांपाशी पोचले, आणि त्याचाही निर्णय झाला. सुमारे ४०० एकर शेती आणि ते भग्नावशेष, सगळं मिळून १२,३७५ पौंड.

आज ही बाग जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध बागांपैकी एक आहे. पण व्हिटाला मुळात हवं होतं ते दुसरंच काहीतरी.

तिचा जन्म नोल नावाच्या प्रचंड वाड्यातला. ३६५ खोल्या आहेत अशी ज्याची ख्याती, तो हा वाडा. सॅकव्हिल घराण्याकडे तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. व्हिटा आईवडिलांचं एकुलतं एक अपत्य. तिथला प्रत्येक जिना, प्रत्येक दार तिला पाठ होतं. १९२८मध्ये वडील वारले आणि वाडा काकांकडे गेला. कारण एकच, ती मुलगी होती. त्याच वर्षी तिची मैत्रीण व्हर्जिनिया वुल्फ हिने ‘ऑरलँडो’ ही कादंबरी तिला अर्पण केली. शतकानुशतकं जगणारा, मध्येच पुरुषाची बाई होणारा तिचा नायक आणि त्याचा तो भव्य वाडा कुणावरून सुचला, हे ओळखीच्यांना सांगावं लागलं नाही. कादंबरीत व्हिटाला नोल परत मिळाला. प्रत्यक्षात नाही.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर आपल्या घरातली कागदपत्रं आठवा. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने लग्न न झालेल्या मुलींना १९९४ साली दिला, देशाने सगळ्याच मुलींना २००५ साली. आणि तरीही हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झालेली एखादी आत्या किंवा मावशी जवळजवळ प्रत्येक घरात असतेच.

व्हिटाने सही केली नाही, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिने माती उकरायला घेतली.

नुसता कचरा हटवायलाच तीन वर्षं गेली. मग दोघांनी काम वाटून घेतलं. हॅरॉल्डला रेषा आवडायच्या. तो दोऱ्या आणि खुंट्या घेऊन वाटा आखायचा, कुंपणं कुठून कुठे जातील ते ठरवायचा. व्हिटाला भरगच्चपणा आवडायचा. त्या आखीव चौकटींत ती गुलाब, वेली, कंद अक्षरशः कोंबायची. यावरून दोघांचे वाद होत. बागेची सगळी गंमत याच वादात आहे. आराखडा शिस्तीचा, लागवड मनमानी.

आपला वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर, पळस आणि पाठोपाठ ऊन. इंग्लंडचा वसंत वेगळा. चार-पाच महिने करडं आभाळ, दुपारी चारला अंधार, पायाखाली चिखल. मग फेब्रुवारीत जमिनीतून स्नोड्रॉपची पांढरी टिकली वर येते. मार्चमध्ये डॅफोडिल, एप्रिलमध्ये फळझाडांचा बहर. हे आपोआप होत नाही. वसंतात फुलणारे कंद आदल्या शरदात, गारठलेल्या हातांनी पुरावे लागतात. ते पुरताना समोर काहीच दिसत नसतं. वसंत आला की बघत बसायलाही वेळ नसतो. गुलाबाची छाटणी, वाढलेल्या रोपांचे गड्डे फोडून पुन्हा लावणं, आधाराच्या काठ्या, बियाणं आणि न संपणारं तण. मोठ्या बागेचा आनंद आहे तो या घाईत. कालपर्यंत नसलेली एखादी गोष्ट आज सकाळी तिथे असते आणि तिच्याकडे एक नजर टाकून पुढच्या वाफ्याकडे पळायचं असतं.

हॅरॉल्डने तर फक्त वसंतासाठी एक वाट केली. दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं, फांद्या एकमेकींत गुंफलेल्या. खाली ट्यूलिप, डॅफोडिल, फ्रिटिलरी, ॲनिमोन. ही वाट मार्च ते मे एवढीच बहरायची, बाकी वर्षभर तिच्यात बघण्यासारखं फारसं नाही. तो थट्टेने तिला ‘माझं आयुष्यभराचं कार्य’ म्हणायचा. १९३५ ते १९४५ तो खासदार होता. आठवडाभर लंडन, सुट्टीला बाग. पण दर वसंतात तो वहीत टिपणं करायचा. कुठला कोपरा रिकामा राहिला, कुठला रंग शेजाऱ्याशी भांडतो, पुढच्या वर्षी काय बदलायचं.

१९३८ साली बाग लोकांसाठी उघडली. तिकीट एक शिलिंग. येणाऱ्यांना व्हिटा प्रेमाने ‘शिलिंगवाले’ म्हणायची. मग युद्ध आलं. माळी लढायला गेले, हिरवळीवर गवत माजलं. मुख्य माळी जॅक व्हास हवाई दलात गेला. जाताना त्याचं सांगणं होतं की कुंपणं तेवढी सांभाळा, बाकीचं नंतर परत मिळवता येईल. तो युद्धानंतर परतला आणि खरोखरच सगळं परत मिळवलं. १९४६मध्ये व्हिटाचं ‘द गार्डन’ हे दीर्घकाव्य आलं. त्याला १०० पौंडांचं पारितोषिक मिळालं, तेही तिने खंदकाकाठच्या वाटेवर अझेलिया लावण्यात घालवलं.

युद्धानंतर सुमारे दीड दशक तिने ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात बागेवर सदर लिहिलं. चार कुंड्या असलेला वाचकही ते वाचायचा. अर्थात या सगळ्या सुखाला आधार होता तो पगारी हातांचा. व्हिटा स्वतः खुरपं घेऊन राबायची हे खरं. पण पाच-सहा एकर बाग दोघांच्या हौसेवर उभी राहत नाही. सदराखाली नाव मालकिणीचं आणि पाठ मोडायची ती माळ्यांची.

हेच नातं पुढे अनपेक्षितपणे पालटलं. १९५९मध्ये पामेला श्वर्ड्ट आणि सिबिल क्रॉइट्झबर्गर या दोन तरुणी मुख्य माळी म्हणून रुजू झाल्या. ऑक्सफर्डजवळच्या वॉटरपेरी इथल्या, फक्त मुलींसाठी असलेल्या बागकाम शाळेत त्या शिकल्या होत्या. अशा मोठ्या बागेची सूत्रं बायकांच्या हाती असणं त्या काळी दुर्मीळच. तीन वर्षांच्या आत, जून १९६२मध्ये व्हिटा वारली.

नोल तोवर कधीच नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेला होता. सिसिंगहर्स्टही तिथेच द्यावं, असं मुलगा नायजेलने व्हिटाला १९५४मध्ये सुचवलं होतं. ती भडकली होती. एक घर हातातून गेलेलं तिने पाहिलं होतं, दुसरं जिवंतपणी सोडणार नव्हती. तिच्यामागे वारसा कर उभा राहिला आणि १९६७मध्ये बाग ट्रस्टकडे गेलीच.

पामेला आणि सिबिल मात्र १९९०पर्यंत तिथेच होत्या. व्हिटाने बाग सांभाळली तेवढीच, सुमारे तीस वर्षं. हेझलच्या झाडांखाली पॉलिअँथसचा रंगीबेरंगी गालिचा असायचा. माती त्या झाडाला विटली आणि गालिचा मरू लागला, तेव्हा त्यांनी तो काढून तिथे रानफुलं आणि नेचे आणले. हॅरॉल्डच्या वाटेवरची लिंडनची झाडं १९७०च्या दशकात काढून नवी लावली. मालकी त्यांची कधीच नव्हती. सातबाऱ्यासारख्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव लागणार नव्हतं. तरी कुठला कंद कुठे पुरला आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

व्हिटाला नोलचा प्रत्येक जिना पाठ होता, अगदी तसंच.