तीन टेस्लाचा एमआरआय : चुंबक दुप्पट, उष्णता चौपट

मोठ्या शहरांतील निदान केंद्रांच्या पाट्यांवर ‘३ टेस्ला एमआरआय’ हे शब्द आता सर्रास दिसतात. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक. १.५ टेस्लाच्या यंत्रापेक्षा ३ टेस्लाचे यंत्र दुप्पट ताकदीचे, म्हणून प्रतिमाही तितकीच सरस, असा समज सहज होतो. मेंदू आणि सांध्यांच्या तपासणीत या यंत्राचा लाभ स्पष्ट दिसतो. पोट आणि ओटीपोटाच्या तपासणीत मात्र त्याच ताकदीतून दोन अडचणी उद्भवतात. एक, प्रतिमेवर पडणारी सावली आणि दुसरी, शरीरात निर्माण होणारी उष्णता.

मूळ एकच

शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी चेतवायचे आणि त्यांच्याकडून परतणारा संदेश टिपायचा, हे एमआरआयचे तत्त्व. चुंबक जितका प्रबळ, तितकी या लहरींची वारंवारता अधिक. १.५ टेस्लाला ती सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, ३ टेस्लाला सुमारे १२८. वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते. ३ टेस्लाला पाण्याचा अंश अधिक असलेल्या ऊतींमध्ये ती २५ ते ३० सेंटिमीटरवर येते, म्हणजे जवळपास माणसाच्या धडाच्या रुंदीएवढी. परिणामी लहरी काही जागी एकमेकींना बळ देतात, तर काही जागी एकमेकींचा प्रभाव पुसून टाकतात. जेथे त्या क्षीण होतात, तेथे प्रतिमा काळवंडते. यकृताच्या डाव्या खंडावर अशी सावली अनेकदा पडते. पोटात पाणी साठलेल्या रुग्णांत आणि गर्भवतींमध्ये ती अधिक गडद होते. अशा सावलीत लहानशी गाठ दडून राहू शकते.

उष्णतेची मर्यादा

वारंवारता दुप्पट झाली की शरीरात शोषली जाणारी ऊर्जा ढोबळमानाने चौपट होते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या मानकानुसार नेहमीच्या तपासणीत संपूर्ण शरीरासाठी ही मर्यादा दर किलो वजनामागे २ वॅट आहे. वैद्यकीय देखरेखीखाली ती ४ वॅटपर्यंत नेता येते. हे गणित यंत्र रुग्णाच्या वजनावरून मांडते. त्यामुळे वजन अंदाजाने सांगणे योग्य नव्हे. शिवाय सरासरी मर्यादेत असली तरी लहरी असमान पसरल्याने एखादा भाग अधिक तापू शकतो.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

पाण्यात टायटेनेटची भुकटी कालवून भरलेली उशी पोटावर ठेवणे, हा साधा उपाय. तिच्यामुळे लहरींची वाटणी बदलते. दुसरा उपाय म्हणजे एकाऐवजी दोन स्वतंत्र स्रोतांतून लहरी सोडणे. त्यांची तीव्रता आणि कला प्रत्येक रुग्णाच्या शरीरयष्टीनुसार जुळवता येते व सावली बरीच कमी होते. मात्र प्रत्येक जुळणीबरोबर उष्णतेची जागाही बदलते. म्हणून अशा यंत्रांना शरीराच्या संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे मर्यादा आखून द्याव्या लागतात. लहरींचे स्पंद सौम्य करूनही उष्णता घटवता येते, तर स्पंदांमधील अंतर वाढवले की तपासणी लांबते. अमेरिकेत २०१७ साली ७ टेस्लाच्या पहिल्या यंत्राला वैद्यकीय वापरासाठी मंजुरी मिळाली, तीही डोके आणि हातपाय यांपुरतीच.

रुग्णाने काय पाहावे

धातूचे धागे असलेले कपडे आणि औषधी पट्ट्या यांची माहिती तंत्रज्ञाला आधी द्यावी. तपासणीत हाताची बोटे एकमेकांत गुंफू नयेत आणि मांड्या एकमेकींना चिकटू देऊ नयेत, कारण त्वचेच्या अशा स्पर्शातून विद्युतप्रवाहाचे वर्तुळ पूर्ण होऊन भाजण्याचा धोका असतो. पेसमेकर वा अन्य उपकरण बसवलेले असल्यास त्याचे ओळखपत्र सोबत न्यावे. १.५ टेस्लाला सुरक्षित ठरलेले उपकरण ३ टेस्लालाही सुरक्षित असेलच, असे नाही. अंगात चटका वा असह्य उष्मा जाणवल्यास हातातील घंटा तत्काळ दाबावी.

पोटाच्या तपासणीसाठी कोणते यंत्र योग्य, याचा निर्णय पाटीवरील आकड्यावरून होत नाही. रुग्णाचे शरीर आणि शोधायचा आजार पाहून क्षकिरणतज्ज्ञ तो ठरवतात. काही रुग्णांसाठी १.५ टेस्लाच अधिक उपयुक्त ठरतो.