पाद्र्यांचा युक्तिवाद आणि ओतूरचे लग्न

#थ्रेड

१/
जुन्नर म्हटले की शिवनेरी, लेणी आणि नाणेघाट आठवतात. याच तालुक्यातील ओतूर गावात १८८०च्या दशकात एक वाद उभा राहिला आणि तो थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. वादाचा विषय वरकरणी किरकोळ होता. पाटलाच्या घरचे लग्न भटजीविना लागले, तर गावच्या जोशाची दक्षिणा बुडते काय? या प्रश्नाचे एक मूळ पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत सापडते. ते कसे, हे क्रमाने पाहू.

२/
जोतीराव फुले १८४१ मध्ये या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तेथे शिकले. पुढे काही वर्षे त्यांनी मिशनच्या मुलींच्या शाळेत अध्यापनही केले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेमुळे पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. त्या काळात मिशनरी आणि शास्त्री यांच्यात जाहीर वादविवाद झडत. अहमदनगरहून १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघत होते. ईश्वर सर्वांचा एकच असेल, तर त्याच्यापर्यंत पोहोचण्यास मध्यस्थ कशाला, हा प्रॉटेस्टंट प्रश्न या वादांतून मराठीत रुळला.

३/
१८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात गर्भवती स्त्री आणि तिचा कुणबी नवरा यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे, त्याच्याशी वाद घालणारा पाद्री आहे आणि मधूनमधून टोमणे मारणारा विदूषकही आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नाटकातील नवराबायको शेवटी बाप्तिस्म्याच्या वाटेने जात नाहीत, ती फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जातात. पाद्र्याचा युक्तिवाद लेखकाने घेतला. त्याचे चर्च मात्र घेतले नाही.

४/
फुल्यांचे स्नेही बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. फुल्यांनी तसे केले नाही. त्यांच्यावर मिशनच्या शाळेइतकाच थॉमस पेनचा प्रभाव होता, आणि पेन तर चर्चचा कडवा टीकाकार! म्हणून फुल्यांच्या विचारावर ‘ख्रिस्ती’ असा शिक्का मारणे सोपे असले, तरी चुकीचे आहे. मिशनचे ऋण नाकारणेही तितकेच अप्रामाणिक ठरेल. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी येशू ख्रिस्ताकडे पश्चिमेकडील बळी म्हणून पाहिले. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला परक्या देशातला प्रेषित आपल्या अंगणात आणून दाखवण्याची ही रीत कोणत्याही मिशनऱ्याला साधली नव्हती.

५/
२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. (नाताळचा दिवस, यात योगायोग किती हे ज्याने त्याने ठरवावे.) मंगलाष्टके मराठीत होती. वधूवर एकमेकांना प्रश्न विचारीत, वचने देत, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांविषयीही बोलत असे. पुरोहित नव्हता.

६/
पुण्याहून ही रीत जुन्नरकडे सरकली. ओतूर हे तुकोबांच्या गुरुपरंपरेतील चैतन्यांच्या समाधीचे गाव. देवापुढे सारे सारखे, ही गोष्ट तेथील वारकरी कुटुंबांना कोणी परदेशातून येऊन सांगण्याची गरज नव्हती. पण कीर्तनातली समता मांडवात आली नव्हती. बाळाजी कुसाजी पाटील यांनी ती आणली आणि ग्रामजोशांनी दावा लावला.

७/
जोशांचा दावा हास्यास्पद नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. जोशीपण हे वतन होते. पंचांग सांगणे, लग्ने लावणे, मुहूर्त काढणे आणि त्याबद्दल ठराविक हक्क घेणे, हे पिढीजात मिळकतीसारखे मानले जाई. यजमानाने दुसरा पुरोहित बोलावला, तरी वतनदार जोशाला त्याचा हक्क मिळावा, असे मुंबईच्या न्यायालयांनी पूर्वी मानलेही होते. ओतूरचा पेच वेगळा होता, कारण येथे दुसरा पुरोहित आलाच नव्हता. माणूस पौरोहित्यच नको म्हणत असेल, तर त्याच्या सदसद्विवेकावर कोणाचे वतन असू शकते काय?

८/
‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने हे प्रकरण १८८९च्या कायद्याच्या नोंदींत आढळते. युरोपात ल्यूथरने १५१७ मध्ये जो वाद धर्मपीठाशी मांडला, तो येथे मुन्सफाच्या कचेरीत दक्षिणेच्या आकड्यांसह मांडला गेला. गावकऱ्यांनी दंगा केला नाही. वकील दिला, तारखा केल्या, अपिले लढवली. धर्माचा प्रश्न नागरिकाच्या हक्काचा प्रश्न होतो तो असा. याच सुमारास जुन्नरच्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला होता, तेव्हा तालुक्याला ‘नाही’ म्हणण्याची सवय लागत होती असे म्हणता येईल.

९/
सप्टेंबर १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात काहूर माजले. फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. स्वतः धर्मांतर न करणारा माणूस दुसऱ्याच्या धर्मांतराच्या हक्कासाठी उभा राहिला. त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात तर एकाच घरात पत्नीने बौद्ध, पतीने ख्रिस्ती, मुलीने महंमदी आणि मुलाने सत्यधर्म पाळावा व सर्वांनी गोडीने नांदावे, असे चित्र आहे. मिशनऱ्यांना अपेक्षित होते ते हे नव्हे. त्यांना सारे घर एका चर्चमध्ये हवे होते.

१०/
जोशी वतनाचा प्रश्न ओतूरच्या खटल्याने मिटला नाही. पुढे १९२०च्या दशकात सी. के. बोले यांनी तो मुंबई कायदे कौन्सिलात नेला. आता तेथे बहुजन समाजाचे निवडून आलेले प्रतिनिधी बसत होते.