रोशेल तेलाचे माहेर

भगिनींनो, सांधे धरले की मी तिळाच्या तेलात चार थेंब रोशेल तेल घालून चोळते. हे तेल रोशा गवताचे. खानदेशच्या डोंगरांत पावसाळा सरताना गवत फुलले, की ओढ्याकाठी भट्ट्या लागत व वाफेवर तेल काढीत. १९ व्या शतकात ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तेथे त्याचे नाव पडले ‘तुर्की जिरेनियम’! गुलाबातले जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य त्यातही भरपूर; म्हणून बल्गेरियाच्या महागड्या गुलाब-अत्तरात ते गुपचूप मिसळीत. अत्तराचा बोलबाला झाला, खानदेशाचे नाव मात्र मागे राहिले. तेव्हा बाटली घरी आली, की तिचे माहेर मुलांना अवश्य सांगावे.