मार्कंड्याच्या कड्याकडे पाहताना

परवा नातू सुट्टीत वणीला आला होता. गच्चीत बसलो असता समोरच्या कातळाकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, तो डोंगर कसला?" मी सवयीने मार्कंडेय ऋषींची कथा सांगितली. ऋषी तिथे बसून पुराण सांगत आणि शेजारच्या गडावरची सप्तशृंगी देवी मान कलती करून ऐकत असे, अशी इकडची श्रद्धा. पोराने नीट ऐकले आणि विचारले, "पण इथे खरंच काय घडलं?"

मी अडखळलो. शाळेत इतकी वर्षे इतिहास शिकवला, पण वणी-दिंडोरीची लढाई एका ओळीत उरकली! अभ्यासक्रम संपवायची घाई, दुसरे काय.

मग त्याला सातमाळा रांग दाखवली. सप्तशृंग, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, अशी ती पूर्वेला थेट चांदवडपर्यंत जाते. घाटवाटा मोजक्याच, म्हणून ज्याच्या हाती खिंड त्याचा रस्ता. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि बागलाणातून, मुल्हेरच्या बाजूने परत निघाले. समुद्रकाठच्या बंदरातली ती दौलत आपल्या या डोंगरांमधून स्वराज्यात न्यायची होती. वाट अडवायला दाऊदखान कुरेशी चांदवडहून रात्रीच निघाला. १७ ऑक्टोबरला गाठ पडली.

मोगलांच्या आघाडीला इखलासखान मियाना होता. चिलखते अजून उंटांवर लादलेली, मागचे सैन्य दूर, आणि हा गडी तसाच तुटून पडला. जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो, मकाजी आनंदराव यांनी मोगलांना खिळवून ठेवले. गंमत म्हणजे या लढाईची हकीकत लिहिणारा भीमसेन सक्सेना मोगलांच्याच छावणीत होता. (शत्रूच्या चाकरीतला माणूस आपला पराभव लिहून ठेवतो, म्हणून मला त्याच्याविषयी आदर वाटतो.) गनिमी काव्याने नव्हे, उघड्या मैदानात मोगलांशी मराठे समोरासमोर भिडले, हे या लढाईचे मोल. लूट सुखरूप पुढे गेली.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मैदान दाखवा ना!" माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असे म्हटले नव्हते, मी म्हणू दिले असते तर ना! गुडघे कुरकुरतात, तरी रविवारी गाडी ठरवली आहे. आधी मुळाणबारी, मग कांचनाच्या पायथ्याकडे. पोराने पाण्याच्या बाटल्या आजच भरून ठेवल्यात.