नकाशा कोणाच्या मालकीचा?

संकेतस्थळावर बोटानें सरकणारा नकाशा बहुधा जावास्क्रिप्ट भाषेंतील एखाद्या तयार लायब्ररीच्या बळावर हालतो. २००५ सालीं गूगलनें आपली नकाशायोजना इतरांस वापरूं दिली. मालकी मात्र स्वतःकडेच ठेविली. पुढल्याच वर्षीं ओपनलेयर्स निघाली, ती कोणींहि घेऊन बदलावी अशा मुक्त परवान्याची. २०११ सालीं व्होलोदिमिर आगाफोन्किन यांची सुटसुटीत लीफलेट आली. आलेखांसाठीं डी-थ्रीहि त्याच वर्षींची. निवडतांना लोक वेग पाहत, सौंदर्य पाहत. परवाना कोण वाचतो?

डिसेंबर २०२० मध्यें मॅपबॉक्सनें आपल्या मुक्त लायब्ररीची नवी आवृत्ति मालकी हक्कांनीं बांधली, तेव्हां तो वाचणें भाग पडलें. सुदैवानें जुन्या आवृत्तीचा मुक्त परवाना कायम होता. तिच्यावरच वापरणाऱ्यांनीं मॅपलिब्रे उभी केली.